भाऊसाहेबांची आजी

हरियाणातील पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, सपाट शेतजमिनीच्या मुलखात, लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ उभा आहे. ब्रिटिश अमदानीत उभारलेल्या या स्तंभाच्या माथ्यावर लोखंडी सळई आहे. जागेचे नाव ‘काला अंब’. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी या भूमीवर इतके रक्त सांडले की झाडाची पाने काळवंडली, अशी लोकांची समजूत आहे. पुढे झाड वठले. त्याच्या लाकडाची दारे करण्यात आली व ती पानिपतच्या संग्रहालयात जाऊन पोचली. सदाशिवराव भाऊंनी अखेरची झुंज दिली ती याच ठिकाणी, असे परंपरा सांगते. दिल्लीकडे गेलेला मराठी माणूस वाट वाकडी करून येथे येतो आणि थोडा वेळ निःशब्द उभा राहतो. ‘पानिपत होणे’ हा ज्यांच्या भाषेतला वाक्प्रचार आहे, विश्वास पानिपतात गेला असे ज्यांच्या घरात अजून सहज बोलले जाते, त्यांच्यासाठी ही जागा परक्या प्रांतातली असूनही घरातलीच आहे.

स्तंभ योद्ध्याचा आहे, आणि तो तसाच असणार. मात्र योद्धा होण्यापूर्वी भाऊ हे एक आईविना वाढलेले मूल होते. त्या मुलाला ज्या वृद्धेने वाढवले तिचे नाव या ठिकाणी कोणाला आठवत नाही. पानिपतावर मराठीत जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या दिवसावर लिहिले गेले असेल. बखरी, कैफियती, पोवाडे, नाटके, कादंबऱ्या, त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराचा समरभूमी पायाखाली घालून लिहिलेला ग्रंथ, हे सारे वाङ्मय भाऊंभोवती फिरते. भाऊ हट्टी होते की दूरदर्शी, गर्विष्ठ होते की एकाकी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण ज्या स्वभावाविषयी एवढा वाद, तो स्वभाव ज्या घरात घडला त्या घराकडे मराठी लेखणी फारशी वळली नाही. जेव्हा वळली तेव्हा तिने त्या घरात भाऊबंदकी तेवढी शोधली.

या शोधाची सुरुवात रणांगणावरूनच करावी लागते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज हा मराठी ब्राह्मण पानिपतावर हजर होता. युद्धानंतर सुमारे वीस वर्षांनी त्याने फारसीत लिहिलेला वृत्तांत अव्वल दर्जाचे साधन मानला जातो. लढाईनंतर भाऊंचा शोध कसा घेण्यात आला, हे त्याने सविस्तर सांगितले आहे. प्रेतांच्या राशीत एक मस्तकहीन देह सापडला. तो भाऊंचा आहे की नाही हे ठरवण्यासाठी शुजाच्या छावणीतील मराठी वकील मंडळींना बोलावण्यात आले. ओळख पटवावी कशी? मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. पाठीवर जुन्या जखमेचा व्रण होता. १७५९ साली मुजफ्फरखान गारद्याच्या कारस्थानातून भाऊंवर कट्यारीचा वार झाला होता, त्याची ती खूण. पायाच्या तळव्यावर सामुद्रिकात शुभ मानलेली रेषा होती. आणि हातांवर व गुडघ्यांवर घट्टे होते. भाऊ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, हे सर्वांना ठाऊक होते. त्या नमस्कारांचे ते घट्टे. काशीराजाने देहाचे वय पस्तिशीच्या आसपास धरले आहे. भाऊ तेव्हा जेमतेम तिशीचे होते.

या चार खुणांकडे नीट पाहावे. त्यांतली एकच, कट्यारीच्या वाराची, राजकारणाची आणि लष्कराची आहे. उरलेल्या तीन घरातल्या आहेत. मांडीवरचा डाग हे तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारीच पहिल्यांदा पाहते. तळव्याची रेषा पाळण्यातल्या बाळाचे पाऊल हाती घेऊन न्याहाळणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना दिसते. आणि सूर्यनमस्काराची सवय विसाव्या वर्षी एकाएकी लागत नाही. ती मुंजीच्या वयात, कोणाच्या तरी धाकात व मायेत, पहाटे उठवून लावलेली असते. परक्या छावणीत, परक्या भाषेत लिहिलेल्या या वृत्तांतात सदाशिवरावांचे बालपण असे अवचित डोकावून जाते. ते बालपण ज्यांच्या हाताखाली गेले त्या राधाबाई त्या दिवशी असत्या, तर मस्तकाशिवायही नातवाचा देह ओळखायला त्यांना वकिलांची साक्ष लागली नसती. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती.

सदाशिवरावांचा जन्म ऑगस्ट १७३० मधला. वडील चिमाजी आप्पा, आई रखमाबाई. बाळंतिणीची खोली आवरायच्या आतच, मूल जेमतेम महिन्याचे होत असताना, रखमाबाई गेल्या. अठराव्या शतकातल्या बाळंतपणाचा हा अनुभव इतका सामान्य होता की घराण्याच्या इतिहासात त्याला एका ओळीपलीकडे जागा मिळाली नाही. आप्पांचा संसार घोड्यावरचा. सख्खे चुलते बाजीराव त्याहूनही अधिक फिरतीवर. तेव्हा मूल साहजिकच आजीच्या ओटीत आले. चुलती काशीबाई यांचीही माया त्याला लाभली, पण घरातली कर्ती बाई आजी होती.

राधाबाई त्या वेळी पन्नाशीच्या आगेमागे असाव्यात. कोकणातील नेवरे येथील बर्वे घराण्यातली ही मुलगी श्रीवर्धनच्या भटांच्या घरात सून म्हणून आली तेव्हा त्या घराला पेशवाई तर राहोच, देशावर स्वतःचे घरही नव्हते. सिद्दीच्या जाचामुळे देशमुखी सोडून घाट चढलेले हे कुटुंब. सोबतीला वेळासचे भानू होते, ज्यांच्या वंशात पुढे नाना फडणीस झाले. बाळाजी विश्वनाथांनी कारकुनीपासून सुभेदारीपर्यंत आणि तेथून पेशवेपदापर्यंत जी मजल मारली तिच्या प्रत्येक टप्प्यावर घराला धोका होता. दमाजी थोराताने बाळाजींना हिंगणगावी अटकेत टाकले तेव्हा कुटुंबही त्या संकटात ओढले गेले होते. १७१९ मध्ये बाळाजी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाईंना घेऊन परतले, आणि पुढच्या वर्षी एप्रिलात सासवडला त्यांचे निधन झाले. थोरल्या मुलाला अवघ्या विसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाली. राधाबाईंचे वैधव्य तेथून सुरू झाले आणि तेहतीस वर्षे चालले.

या तेहतीस वर्षांतल्या राधाबाई लोकांच्या डोळ्यांपुढे उभ्या आहेत त्या एकाच प्रसंगामुळे. मस्तानीचे प्रकरण. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीने आणि २०१५ मधील हिंदी चित्रपटाने करारी, कर्मठ सासू आणि आई ही त्यांची प्रतिमा पक्की केली. त्या प्रतिमेत खोटे असे फार नाही. १७३९-४० च्या त्या कलहात कुटुंबाने मस्तानीशी केलेली वागणूक कोणत्याही काळाच्या मापाने निष्ठुरच होती, आणि राधाबाई त्या कुटुंबाच्या प्रमुख होत्या. त्यांना त्यातून वगळून साजरे चित्र काढण्याचे कारण नाही. परंतु एवढ्यावर ज्यांनी त्यांचे आयुष्य संपवले त्यांनी त्याच वाड्यात, त्याच वर्षांत, त्याच बाईच्या पदराआड वाढणारे नऊ-दहा वर्षांचे पोर पाहिले नाही. एक मूल नाकारणारे आणि दुसरे वाढवणारे घर एकच होते, ही गोष्ट समीक्षेला अवघड वाटली तरी इतिहासाला ती तशीच मांडावी लागते. आणि बाजीरावांच्या मृत्यूनंतर मस्तानीचा सहा वर्षांचा मुलगा समशेर बहादूर याला काशीबाईंनी आपल्या छायेत घेतले, हेही याच घरात घडले.

सदाशिव जन्मला त्या साली पुण्यात शनिवारवाड्याचे काम चालू होते. जानेवारी १७३० मध्ये पायाभरणी झाली होती; वास्तुशांत झाली ती जानेवारी १७३२ मध्ये. म्हणजे हे मूल नव्या वाड्याच्या पहिल्या पिढीचे. वाडा म्हटला की दिल्ली दरवाजा, नगारखाना, कारंजी डोळ्यांपुढे येतात. पण त्यात मागचे चौक होते, देवघर होते, माजघर होते, आणि तेथे बायकांचे राज्य होते. आईवेगळ्या तान्ह्याचे संगोपन हे त्या काळच्या ब्राह्मणी घरात एक शास्त्रच होते. दूधआई पाहायची. पाटावर पाय पसरून, पायांवर मूल घेऊन, तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचे. टाळू भरायची. वेखंड, वावडिंग, ओव्याची धुरी द्यायची. उगाळलेली घुटी चाटवायची. तिन्हीसांजेला दृष्ट काढायची. पाच वर्षांचा झाला की धुळाक्षरे, मग मुंज, मग संध्या आणि नमस्कार. या साऱ्याला आज बालसंगोपन म्हणतील. तेव्हा त्याला नाव नव्हते, कारण ते केवळ घरातल्या वडील बाईचे काम होते. या कामाची नोंद दफ्तरात होत नाही. तेलाचा आणि दुधाचा खर्च पडतो, हात पडत नाहीत.

तरीही पेशव्यांचे घर याला काहीसे अपवाद आहे. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांत या कुटुंबाच्या खाजगी जीवनाचेही कागद आहेत: लग्ने, मुंजी, आजारपणे, यात्रा, देणी. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी चाललेल्या या घराच्या पत्रव्यवहारातही राधाबाई भेटतात. त्या कागदांतून दिसणारी बाई देवभोळी आहे, व्यवहाराला पक्की आहे आणि तिच्या शब्दाला वजन आहे. नानासाहेबांसाठी वाईच्या रास्त्यांची गोपिका निवडण्यात राधाबाईंचा हात होता आणि त्या मुलीच्या व्रतनेमांनी त्या प्रसन्न झाल्या होत्या, असे सांगितले जाते. ते लग्न जानेवारी १७३० मधले. म्हणजे सदाशिव जन्मला तेव्हा त्याची बाळ-वहिनी त्याच घरात आजेसासूच्या हाताखाली वळण शिकत होती. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

मूल साडेचार वर्षांचे असताना आजी त्याच्यापासून दूर गेली. फेब्रुवारी १७३५ मध्ये राधाबाई काशीयात्रेला निघाल्या आणि परतल्या त्या १७३६ चा उन्हाळा संपता संपता. सव्वा वर्षाहून अधिक काळ. ही यात्रा मराठ्यांच्या उत्तरेकडील इतिहासात वारंवार उल्लेखली जाते, कारण तिला राजकीय अर्थ होता. उदेपूरच्या महाराण्यांनी त्यांचा सत्कार केला. जयपुरात सवाई जयसिंगांनी त्यांना मोठ्या सन्मानाने ठेवून घेतले. मथुरा, प्रयाग, काशी, गया असा प्रवास मोगली मुलखातून, लढाई चालू असलेल्या प्रदेशांना लागून झाला. ज्या महंमदखान बंगशाशी बाजीराव बुंदेलखंडात लढले होते त्याने या वृद्धेच्या सोबतीला माणसे दिली आणि बाजीरावाची आई ती आपली आईच, या भावनेने तिचा आदर केला. उत्तरेतील सत्ताधाऱ्यांनी हे केवळ भक्तीने केले नाही हे उघड आहे. मुलाच्या तलवारीचा धाक आईच्या पालखीपुढे चालत होता. पण तो धाक सौजन्याच्या रूपात व्यक्त झाला, आणि ज्या पिढीला ते सौजन्य सुचले त्या पिढीचे ते श्रेयही मानले पाहिजे.

पंचवीस वर्षांनी याच मुलखात, यमुनेच्या याच काठाने, राधाबाईंचा नातू चालत होता. सवाई जयसिंगांचे चिरंजीव माधोसिंग तेव्हा जयपूरच्या गादीवर होते. भाऊंच्या आवाहनाला त्यांच्याकडून साथ मिळाली नाही. महंमदखान बंगशाचा मुलगा अहमदखान पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा होता. ज्यांच्या बापांनी आजीला मार्ग करून दिला त्यांच्या मुलांनी नातवाची वाट बंद केली. याची कारणे शोधायला भाऊंच्या हट्टाकडे जाण्याची गरज नाही. मधल्या पंचवीस वर्षांत जयपूरच्या वारसाहक्काच्या भांडणात मराठी फौजांनी केलेले हस्तक्षेप, वसुलीचे तगादे, फर्रुखाबादच्या बंगशांशी झालेले युद्ध, या साऱ्यांनी ते सौजन्य आटवले होते. त्यांतले फारच थोडे भाऊंच्या हातचे होते. १७६० पूर्वी ते उत्तरेत उतरलेच नव्हते.

आजी यात्रेहून परतली तेव्हा नातू सहाव्या वर्षात होता. त्यानंतरची चार वर्षे या घराच्या वैभवाची होत. बाजीरावांनी दिल्लीपर्यंत धडक मारली, भोपाळला निजामाला कोंडले, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. आणि मग १७४० साल उगवले. वर्षाच्या आरंभीच पुण्यात रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे उमाबाईंशी लग्न ही मंगलकार्ये झाली. मस्तानीच्या प्रकरणामुळे त्यांवर सावट होते आणि बाजीराव त्यांना हजर नव्हते. २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव गेले. १७ डिसेंबरला चिमाजी आप्पा गेले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. आठ महिन्यांच्या आत राधाबाईंनी दोन्ही मुलगे गमावले. दहा वर्षांच्या सदाशिवाने वडील गमावले, आणि आई म्हणण्याजोगे जे एक नाते उरले होते तेही. त्या घरात आता साठीची एक बाई होती आणि मागे राहिलेली मुले: एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी पेशवेपद खांद्यावर आलेले नाना, दहा वर्षांचा सदाशिव, सहा वर्षांचा रघुनाथ, त्याच वयाचा समशेर. पेशवाईचा इतिहास या वर्षाला सत्तांतराचे वर्ष म्हणतो. आतल्या चौकात ते सुतकाचे वर्ष होते.

सदाशिवरावांच्या घडणीविषयी बोलताना इतिहासकार रामचंद्रबाबा शेणवी यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. हिशेब, वसुली, राजकारणाचे बारकावे हे त्यांनी त्या तरुणाला शिकवले. १७४६-४७ च्या कर्नाटक मोहिमेत भाऊ प्रथम चमकले. १७५० मध्ये सांगोल्याच्या प्रकरणात त्यांची राजकीय कुशलता दिसली. त्याच वर्षी कारभारीपद आपल्याला मिळावे म्हणून ते अडून बसले, न मिळाल्यास कोल्हापूरकरांची पेशवाई स्वीकारीन म्हणाले, आणि महादोबा पुरंदऱ्यांनी बाजूला होऊन तो पेच सोडवला. या हट्टाकडे बखरवाङ्मय पानिपतच्या चष्म्यातून पाहते आणि त्यात सर्वनाशाचे बीज दाखवते. तसे पाहण्याला आधार कमी आहे. वडिलांनी केलेले काम मुलाने मागावे, हे त्या घरातील रीतीला धरूनच होते. आप्पांनी बाजीरावांचा जो कारभार पाहिला तोच भाऊ नानासाहेबांसाठी पाहू इच्छीत होते. आणि ते पाहू लागल्यावर पुणे दरबाराचा जमाखर्च जितका काटेकोर झाला तितका पूर्वी नव्हता. पहाटे उठणारा, नमस्कारांचा नेम न चुकवणारा, हिशेबात कोणाची भीड न धरणारा, थोडा ताठ आणि फारसा न हसणारा हा पुरुष. आईवेगळ्या मुलांत ही शिस्त पुष्कळदा दिसते. ती शिस्त कोणाच्या तरी देखरेखीची परतफेड असते, असे म्हटले तर तो तर्क होईल. पण तो अगदी निराधार तर्क नाही.

कारण आधार आहे, आणि तो आडवळणाने मिळतो. वर उल्लेखलेली बाळ-वहिनी गोपिकाबाई. विश्वासराव, माधवराव, नारायणराव या तिन्ही पेशवेपुत्रांची आई. पहिला पानिपतावर गेला, दुसरा क्षयाने, तिसऱ्याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. मुलांच्या मागे राहिलेल्या या बाईने नाशिकजवळ गंगापूरला गोदाकाठी वास्तव्य केले. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेला सवाई माधवराव हा तिचा नातू. त्याची आई गंगाबाई १७७७ मध्ये गेली आणि तोही तीन वर्षांचा असताना पोरका झाला. हा मुलगा कोवळ्या वयात असताना गोपिकाबाईंनी त्याला एक विस्तृत उपदेशपत्र पाठवले. केव्हा उठावे, स्नान-संध्या कशी करावी, अक्षर कसे गिरवावे, काय वाचावे, वडीलधाऱ्यांशी आणि जुन्या सेवकांशी कसे वागावे, अशी दिवसाची आखणीच त्यात आहे. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या पत्राकडे पाहिले आहे ते बहुधा स्त्रीच्या राजकीय समजुतीचा नमुना म्हणून. त्याहून साध्या दृष्टीने पाहिले तर ते एका आजीने नातवासाठी लिहिलेले संगोपनाचे टिपण आहे. आणि हे टिपण लिहिणारी बाई स्वतः बालपणापासून राधाबाईंच्या हाताखाली वाढली होती. त्याच चौकात, त्याच वर्षांत, जेव्हा सदाशिव वाढत होता. राधाबाईंनी नातवाला लावलेले वळण कसे असेल हे पाहायचे तर त्यांच्या नातसुनेने आपल्या नातवाला लावू पाहिलेले वळण वाचावे. दोन्ही तंतोतंत एक असतील असे नाही. पण घरची रीत दोन पिढ्यांत ओळख न पटण्याइतकी बदलत नाही.

या गोपिकाबाईंनाच बखरकारांनी पानिपतच्या अनर्थाच्या धनी ठरवले. दीर आणि वहिनी यांच्यातला मत्सर, विश्वासरावाला बरोबर धाडण्याचा आग्रह, यांच्या कहाण्या रंगल्या. मराठी ऐतिहासिक वाङ्मयात वाड्यातल्या बाईला प्रवेश मिळतो तो प्रायः भांडणाचे कारण म्हणून. ती चार मुले वाढवते तेव्हा पडद्याआड असते आणि एक तंटा उभा राहिला की एकदम रंगमंचावर येते. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही मराठी गद्याची एक श्रेष्ठ कृती आहे, तिच्या शैलीचा ओघ आणि तिची करुणा यांना तोड नाही. परंतु तिचे कथानक सुरू होते कुंभेरीच्या वेढ्याच्या सुमारास, १७५३-५४ मध्ये. राधाबाई वारल्या मार्च १७५३ मध्ये. आजी जेथे संपते तेथे बखर सुरू होते. नातवाच्या पहिल्या तेवीस वर्षांशी बखरकाराला कर्तव्य नाही.

जाताना राधाबाई सत्तरीच्या घरात होत्या. श्रीवर्धनहून परागंदा झालेल्या घराला त्यांनी साताऱ्याच्या दरबारात, मग पुण्याच्या वाड्यात स्थिरावलेले पाहिले. नवरा पेशवा, मुलगा पेशवा, नातू पेशवा. लेकींपैकी भिऊबाई बारामतीच्या जोशांकडे आणि अनूबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे नांदत होत्या. पणतू विश्वासराव १७४२ मधला, माधवराव १७४५ मधला. दोघेही त्यांच्या डोळ्यांदेखत वाढले. पानिपतावर एकाच दिवशी जे दोन देह पडले, ते दोघेही या एका बाईच्या मांडीवर खेळलेले होते.

भाऊ उत्तरेकडे निघाले तेव्हा लष्कराबरोबर बायकाही होत्या. कोणी कुटुंबाबरोबर, कोणी यात्रेच्या पुण्यासाठी. भाऊंच्या दुसऱ्या पत्नी पार्वतीबाई त्यांत होत्या. अठरा वर्षांचे नाना फडणीसही आपल्या आईला घेऊन गेले होते. नानांनी पुढे जे छोटे आत्मचरित्र लिहिले त्यात भाऊंनी आपल्यावर पुत्रवत माया केल्याचे सांगितले आहे, आणि त्या दिवशी आईची चुकामूक झाल्याची व्यथाही आहे. आई पुन्हा भेटली नाही. मराठी आत्मचरित्राच्या अगदी आरंभीच्या या लेखनाचे मर्म रणवर्णनात नाही, या हरवलेल्या आईत आहे. तिशीच्या पुरुषाने अठरा वर्षांच्या पोराला मायेने वागवावे, ही गोष्ट भाऊंच्या ताठ प्रतिमेशी जुळत नाही. पण जो स्वतः दुसऱ्याच्या मायेवर वाढला त्याच्या बाबतीत ती अनपेक्षितही नाही.

युद्धानंतर पार्वतीबाई मोजक्या माणसांच्या सोबतीने निसटून दक्षिणेत आल्या. काशीराजाच्या वृत्तांतातला देह, मागाहून सापडलेले मस्तक आणि अग्निसंस्कार यांच्या बातम्या पुण्यास पोचल्या, तरी त्यांनी त्या मानल्या नाहीत. कुंकू उतरवले नाही. भाऊ जिवंत आहेत या समजुतीने इतरत्रही मूळ धरले. हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावात भाऊ साधू होऊन राहिले, अशी श्रद्धा आजही आहे. महाराष्ट्रात त्या समजुतीतून तोतया निघाला. आपणच भाऊ, असे म्हणत त्याने माणसे आणि किल्ले गोळा केले, आणि १७७६ साली तो पकडला जाऊन मारला गेला. भाऊ कोण, हा प्रश्न असा पंधरा वर्षांत दोनदा उभा राहिला: एकदा मस्तक नसलेल्या देहापुढे, एकदा मस्तक ताठ ठेवून बोलणाऱ्या माणसापुढे. दोन्ही वेळा साक्षीदार होते ते दरबारी लोक, वकील, कारकून. जिने त्या माणसाला पहिल्या महिन्यापासून पाहिले होते ती बाई दोन्ही वेळा नव्हती.

नानासाहेब जून १७६१ मध्ये पर्वतीवर गेले. पार्वतीबाई त्यानंतर बावीस वर्षे शनिवारवाड्यात राहिल्या. गंगाबाईंच्या मृत्यूनंतर पोरक्या सवाई माधवरावाचा सांभाळ त्यांच्याकडे आला. नात्याने त्या त्याच्या चुलत आजी. स्वतःला मूलबाळ नसलेली, नवरा परत येईल म्हणून कुंकू लावून बसलेली ही बाई राधाबाईंच्या खापरपणतवाला न्हाऊ-माखू घालून वाढवत होती, त्याच चौकात जेथे तिच्या नवऱ्याला त्याच्या आजीने वाढवले होते. सप्टेंबर १७८३ मध्ये त्या गेल्या. भाऊंचे उत्तरकार्य तोवर त्यांच्या आग्रहामुळे राहिले होते, आणि मग दोघांचेही एकाच वेळी करण्यात आले, असे सांगतात.